संथ नदीचं रोमानियन चित्र भिंतीवर: संभाजीनगरातल्या छपाई आणि फ्रेमिंगची पारख

नदीचं शांत चित्र छापून घेणं हे पोर्ट्रेट किंवा फुलांच्या चित्रापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. रोमानियन आधुनिक चित्रकारांच्या पाण्याच्या चित्रांत हे जास्तच जाणवतं. पाणी करडं, आकाश त्याच करड्याची जरा फिकी छटा, मध्ये काठाची एखादी गडद रेघ. सगळं चित्र त्या दोन करड्यांमधल्या बारीक फरकावर उभं असतं. आपल्याकडची छपाईची दुकानं मात्र लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि देवांच्या तसबिरी यांवर चालतात, त्यामुळे तिथली सगळी सवय रंग 'उठवायची'. डिझायनर फाइल उघडतो आणि न विचारता कर्व्ह ओढतो, म्हणजे रंगांचा गडद-फिकेपणा बदलतो. नदीच्या चित्राचं तिथेच मातेरं होतं. या कामात गिऱ्हाइकाने ठासून सांगायची गोष्ट एकच: फाइलला काही करू नका.

ही पारख आहे छत्रपती संभाजीनगरात १८ बाय २४ इंचांचं प्रिंट काढून फ्रेम करून घेण्याची. चित्र थेओडोर पलाडी यांचं, पॅरिसमधल्या सेन नदीकाठचं. पलाडी १८७१ साली याश शहरात जन्मले आणि १९५६ साली बुखारेस्टमध्ये गेले. पॅरिसमध्ये चित्रकार ग्युस्ताव्ह मोरो यांच्या वर्गात पुढे नावाजलेले फ्रेंच चित्रकार मातीस आणि मार्के त्यांच्या सोबत होते, आणि मातीसशी मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. पलाडी रंग पातळ आणि कोरडा लावतात. खालची रेघ दिसत राहते, कॅनव्हासचा पोतही जागोजागी डोकावतो. हा कोरडेपणा छपाईत टिकला तर प्रिंट पास, चकाकी आली की नापास, इतकी सरळ कसोटी लावली आहे.

आधी फाइलबद्दल, कारण निम्मी बिघाडी दुकानात जायच्या आधीच झालेली असते. १८ बाय २४ इंचाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० बाय ७२०० पिक्सेल लागतात. भिंतीवरचं चित्र आपण तीन-चार फुटांवरून पाहतो, त्यामुळे २०० पीपीआय, म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेलही चालतात. १५० च्या खाली उतरू नये. विकिमीडिया कॉमन्सवर एकाच चित्राच्या तीन-तीन रंगांच्या फाइली सापडतात. जुन्या पुस्तकातून स्कॅन केलेली फाइल ओळखायची तर १०० टक्के झूम करून पाण्याचा भाग पाहा. रंगाऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फाइल सोडून द्या. छापल्यावर ती जाळी मशीनच्या ठिपक्यांशी भिडते आणि पाण्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. संग्रहालयाने स्वतः टाकलेली प्रतिमा मिळाली तर तीच घ्या. बुखारेस्टच्या जुन्या राजवाड्यातलं रोमानियाचं राष्ट्रीय कला संग्रहालय आणि त्याचीच शाखा असलेलं झांबाकचियान संग्रहालय ही या पिढीच्या चित्रांची मोठी ठिकाणं.

लहान फाइल एआयने मोठी करून देतो म्हणणारे आता गल्लोगल्ली आहेत. पाण्याच्या चित्रावर हे करू देऊ नका. ते सॉफ्टवेअर फटकाऱ्यांच्या जागी स्वतःच्या कल्पनेने पानं, दगड आणि तरंग काढतं, आणि जिथे काही सुचत नाही तिथे पाणी प्लास्टिकसारखं गुळगुळीत करतं. फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या साध्या बायक्यूबिक पद्धतीने दीडपटीपर्यंत वाढवलेली फाइल थोडी मऊ दिसेल, पण खोटी दिसणार नाही.

फाइल दुकानात पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते आणि करड्या आकाशात चौकोनी पट्टे पडतात.

हक्कांचाही प्रश्न आहेच. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. पलाडी (मृत्यू १९५६), गेओर्गे पेत्राश्कू (१९४९), श्तेफान लुकियान (१९१६) या रोमानियन चित्रकारांची चित्रं इथे हक्कातून मोकळी आहेत. त्यांच्याच देशाचे कॉर्नेलिउ बाबा १९९७ साली गेले, त्यामुळे त्यांचं काम अजून हक्काखाली आहे. रोमानियात ही मुदत ७० वर्षांची, म्हणून तिकडे विक्रीसाठी प्रिंट पाठवायचा विचार असेल तर हिशेब वेगळा.

आता छपाई. शहरात हे काम तीन तऱ्हेच्या ठिकाणी होतं आणि तिघांचे निकाल एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

पहिला फ्लेक्सवाला. याच्याकडे इको-सॉल्व्हंट मशीन आणि पॉलिस्टरचा 'कॅनव्हास' असतो. भाव चौरस फुटावर, १८ बाय २४ म्हणजे तीन चौरस फूट, आणि काम तासाभरात हातात. पण मशीन बहुतेक वेळा चार रंगांचं. करडा रंग त्याला निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा मिसळून बनवावा लागतो, आणि त्यातला एखादा जरा पुढेमागे झाला की करडं पाणी गुलाबी नाहीतर हिरवट पडतं. फिक्या आकाशात सुटे ठिपके हातभरावरूनही मोजता येतात. शिवाय कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना चारी बाजूंनी दीड-दोन इंच चित्र मागे दुमडलं जातं. नदीच्या चित्रात खालचा काठ आणि वरचं आकाश हेच चित्राचं वजन तोलून धरतात, आणि नेमके तेच कडेला जातात. मागे दुमडायला कोरी पट्टी जोडून घ्या असं सांगितलं तर करतात, पण सांगावं लागतं. या कामासाठी हा पर्याय नको.

दुसरी फोटो लॅब. इथे चित्र खऱ्या फोटोच्या कागदावर, रसायनात धुऊन निघतं. ठिपका अजिबात नाही, करड्याच्या उतरंडी फ्लेक्सपेक्षा कितीतरी मऊ. अडचण पृष्ठभागाची. 'मॅट' म्हणून जो कागद मिळतो त्यालाही मंद तकाकी असते, आणि वरून 'टिकायला बरं' म्हणून थर्मल लॅमिनेशन मारून देतात. लॅमिनेशन नको असं बिलावर लिहून घ्या. दुसरी गोष्ट, लॅबच्या यंत्रात आपोआप रंगदुरुस्ती चालू असते. यंत्राला वाटतं फोटोत धुकं आलंय, म्हणून ते धुकं काढून टाकतं. सेनवरचा सगळा राखी पदर गेला आणि दूरचा पूल जवळच्या भिंतीइतका ठळक झाला, असं एक प्रिंट पाहायला मिळालं. दुरुस्ती बंद करून काढलेलं प्रिंट बरंच सुधारलं. खिसा पाहून काम करायचं असेल, आणि आकार १२ बाय १८ च्या आत असेल, तर लॅब चालेल.

तिसरा पिगमेंट शाईचा स्टुडिओ. इथली मोठी इंकजेट मशीन ९ ते १२ शायांची असतात आणि त्यांत काळ्याच्या जोडीला एक-दोन करड्या शाया वेगळ्या असतात. नदीच्या चित्राला हवी ती हीच गोष्ट. करडा रंग मिसळून बनत नाही, थेट करड्या शाईतून येतो, म्हणून खिडकीजवळ आणि ट्यूबलाइटखाली त्याचा रंग फारसा बदलत नाही. पलाडींचं पाणी इथे पहिल्यांदा पाणी वाटलं. काठाच्या गडद भागातली निळसर रेघ बुडाली नाही, आणि आकाशातला कागदाइतका फिका भाग कोरा पडला नाही. दर या तिघांत सगळ्यात जास्त, पण चित्र अनेक वर्षं भिंतीवर राहणार असेल तर पैसे इथेच घालावेत.

इथेही चुका होतात. मॅट कागदाला 'मॅट ब्लॅक' शाई लागते. मशीनमध्ये चकचकीत कागदाची 'फोटो ब्लॅक' चालू राहिली तर काळा भाग राखेसारखा पडतो. ऑपरेटरला विचारा: कागद कुठला, त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदासाठीची रंगांची फाइल) लावलंय का, शाई मॅट आहे का. नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी खूश होतो. फाइल एसआरजीबीमध्ये (पडद्यावरच्या रंगपद्धतीत) असेल तर तशीच ठेवायला सांगा. सवयीने सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) बदलली की निळे आणि हिरवे तिथेच मरतात, मग मशीनमध्ये कितीही शाया असोत.

कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० ग्रॅमच्या आसपासचा मागा. हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग ३०८ ग्रॅमचा येतो आणि या कामाला उत्तम. स्वस्त मॅट कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. ते काही वर्षांत मरतं आणि कागद पिवळा पडतो. ओळखायची खूण सोपी आहे. दुकानाच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा निळा दिवा असतो, त्याखाली कागदाचा तुकडा धरा. रसायनवाला कागद धुतलेल्या शर्टासारखा निळाभोर चमकतो, बिनरसायनाचा कापसाचा कागद मंद, दुधट राहतो.

आकाराबद्दल भांडायची तयारी ठेवा. युरोपात कॅनव्हासची मापं सेंटिमीटरमध्ये आणि ठरावीक असतात. उदाहरणार्थ फ्रेंच १० नंबरचा 'फिगर' कॅनव्हास ५५ बाय ४६ सेंटिमीटरचा. अशा चित्राची रुंदी २४ इंच केली तर उंची २० इंचांच्या थोडी वर जाते. दुकानदार १८ बाय २४ चा साचा लावतो आणि वरखाली मिळून दोन इंच, म्हणजे चित्राचा दहावा हिस्सा, कापून टाकतो. म्हणून 'कागद १८ बाय २४, चित्र न कापता आत बसवा, उरेल तिथे पांढरी कड सोडा' असं लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं डिझायनर बदलला की विसरलं जातं.

पूर्ण प्रिंटआधी चाचणीची पट्टी काढून घ्या. ४ बाय ६ इंचांची, पण चित्राच्या खऱ्या मापात. तीत पाण्यातलं प्रतिबिंब, काठाची सगळ्यात गडद जागा आणि आकाशाचा सगळ्यात फिका तुकडा, तिन्ही यायला हवेत. ती दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली पाहून हो म्हणू नका. दुपारी बाहेर सावलीत नेऊन पाहा, मग घरी ज्या भिंतीवर चित्र लागणार आहे तिथे रात्रीच्या दिव्यात पाहा. ६५०० केल्व्हिनचा थंड पांढरा दिवा करड्याला निळा करतो. चित्रासाठी ३००० ते ४००० केल्व्हिनचा, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा दिवा लावलात तर छपाईत घातलेले पैसे वसूल होतात.

सेनऐवजी वेगळं पाणी हवं असेल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पेत्राश्कू यांनी व्हेनिसचे कालवे पुष्कळ रंगवले, पण त्यांचा रंग जाड, थरावर थर. फोटो काढताना प्रत्येक उंचवट्यावर दिवा चमकलेला असतो आणि ती चमक प्रिंटमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखी कायमची बसते. असं चित्र कॅनव्हासवर तर मुळीच छापू नका. रंगाचा छापील पोत आणि कापडाचा खरा पोत एकमेकांवर चढतात आणि पाणी गोणपाटासारखं दिसतं. काही दुकानं वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून 'हँड टच' देतात. त्या फटकाऱ्यांचा खालच्या चित्राशी काही संबंध नसतो. गुळगुळीत मॅट कागद बरा. लुकियान यांनी बुखारेस्टजवळच्या कियाज्ना गावातली वाळुंजाची झाडं रंगवली आहेत, ती आपल्या नदीकाठाच्या सवयीच्या डोळ्यांना लगेच भिडतात. त्यांची पेस्टलमधली कामंही मॅट कागदावर सुरेख उतरतात. आजच्या रोमानियातल्या बाया मारे या गावात १८९६ पासून चित्रकारांची वसाहत होती, चित्रकार सिमोन होलोशी यांनी म्युनिकहून विद्यार्थी आणून सुरू केलेली. तिथली उघड्यावर काढलेली निसर्गचित्रं जास्त रंगीत असतात. त्यांना फोटो लॅबही पुरते.

छपाईपेक्षा फ्रेमिंगमध्ये आपलं शहर मागे आहे, आणि हे खेदाने लिहावं लागतं, कारण पट्ट्या, काच, कारागीर सगळं इथे आहे. सवय तेवढी चुकीची आहे. रूढ पद्धत अशी: प्रिंटच्या मागे सगळीकडे फेविकॉल नाहीतर दुहेरी टेप, ते एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या) फळीवर दाबायचं, वर काच, झालं. मराठवाड्यात हे टिकूच शकत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठक्क, जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. कापसाचा कागद हवेबरोबर वाढतो आणि आकसतो. तो पूर्ण चिकटवला की त्याला हलायला जागा राहत नाही, मग एका पावसाळ्यात फुगे आणि दोन पावसाळ्यांत लाटा. आणि एकदा चिकटवलेलं प्रिंट सोडवता येत नाही.

बरोबर पद्धत स्वस्तच आहे, फक्त हात वेगळा चालवावा लागतो. प्रिंटच्या वरच्या कडेला दोनच ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या. बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या. कागद त्या पट्ट्यांवर लटकतो आणि हवेबरोबर हवा तसा हलतो. जपानी कागद मिळाला नाही तर माउंट बोर्डाचे (चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याचे) त्रिकोणी कोपरे करून त्यांत प्रिंट अडकवायला सांगा, गोंद प्रिंटला लागतच नाही. समोर आणि मागे आम्लरहित माउंट, दोन मिलिमीटरचा. साध्या माउंटची कापलेली तिरकी कड काही वर्षांत तपकिरी होते आणि चित्राभोवती चहाच्या डागासारखी चौकट उमटते. माउंटमुळे काच प्रिंटपासून दूरही राहते. काच टेकली तर दमट दिवसांत शाई तिला चिकटते. शाईतला ओलावा निघून जावा म्हणून छापल्यावर प्रिंट किमान एक दिवस उघडं, वर साधा कागद टाकून ठेवायचं. घाईत त्याच दिवशी फ्रेम केलं तर काचेच्या आत धुरकट थर बसतो.

पट्टीचा हिशेब आधी करून जा. प्रिंट १८ बाय २४ आणि भोवती तीन इंच माउंट म्हणजे चौकट २४ बाय ३० ची, परिघ १०८ इंच. एक इंच रुंदीच्या पट्टीला कोपरे कापण्यासाठी आणखी आठ इंच लागतात, म्हणजे ११६. पट्टी अनेकदा साडेनऊ फुटांची, ११४ इंचांची येते. मग दुकानदार दुसरी पट्टी फोडतो आणि तिच्या रंगाचा लॉट वेगळा निघाला तर एक बाजू वेगळी दिसते. माउंट अडीच इंचांचा करा. चौकट २३ बाय २९ होते, ११२ इंचांत भागतं आणि एका पट्टीत काम होतं. काच आणि प्रिंट बसायची आतली खाच १२ मिलिमीटर खोल असलेलीच पट्टी निवडा. काच २, दोन माउंट मिळून ४ आणि मागचा बोर्ड ३, असे ९ मिलिमीटर आतच जातात. रंग साधा सागवानी किंवा कोमट राखाडी. सोनेरी नक्षीची पट्टी या चित्रांना मारून टाकते. कोपऱ्यांवर बोटाचं नख फिरवून पाहा, अडकलं तर सांधा उघडा आहे. पावसाळ्यात तो आणखी फाकेल.

काच दोन मिलिमीटरची साधी घेतली तर एवढ्या आकाराला साधारण सव्वादोन किलो वजन होतं, शिवाय ती किंचित हिरवट असते आणि समोरच्या दारातला उजेड अख्खा दाखवते. खरखरीत 'नॉन-ग्लेअर' काच स्वस्तात मिळते, पण माउंटच्या उंचीवरून ती बारीक रेघा पुसट करते, आणि पलाडींच्या चित्रात रेघच तर पाहायची आहे. परवडत असेल तर प्रतिबिंबविरोधी लेपाची काच मागवून घ्या. नाहीतर साधी काच आणि खिडकीच्या समोर नसलेली भिंत. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, पण आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत ते कण ओढून घेतं आणि कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात.

मागची बाजू दुकानदार उघडी देतात, ती तपकिरी कागदाने आणि कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्या. कसर आणि धूळ तिथूनच आत शिरतात. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर अंतर राहतं आणि मागे हवा खेळते. पावसाचा मार घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, पोपडे आलेल्या किंवा नव्याने प्लास्टर केलेल्या भिंतीवर फ्रेम लावू नका. घरातली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात सुरक्षित. हुक एकाऐवजी दोन, आठ-दहा इंच अंतरावर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने आणि दार आपटल्याने चित्र तिरकं होत नाही. नदीच्या चित्रात पाण्याची आडवी रेघ जराशी कलली तरी लगेच डोळ्यात खुपते, म्हणून टांगताना फ्रेमच्या कडेवर लेव्हल ठेवू नका. काच आणि माउंटच्या आत प्रिंट सरकलं असू शकतं, म्हणून पाण्याच्या रेघेलाच लेव्हल धरा.